रघुनाथ मिस्त्रींचं अक्रोडाचं लाकूड

पहिल्याच भेटीत रघुनाथ मिस्त्रींनी मला दवाखान्याबाहेर काढलं होतं, आणि त्या दुपारी दवाखाना माझ्या ताब्यात होता. मी जव्हारला कंपाउंडर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. औषधं द्यायला जागा नव्हती, खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्या मांडून मी काम चालवत होतो. डॉक्टरांनी काउंटर करून घ्यायचं ठरवलं आणि मिस्त्रींना निरोप धाडला. निरोप जाऊन बरेच दिवस झाले, तेव्हा एका दुपारी एक उंच, वाळका माणूस आत आला. कानावर पेन्सिल, काखेत काटकोनी गुण्या, अंगात उसवलेला कोट. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. भिंतीशी गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "उजेडातून बाजूला व्हा. बाहेरच थांबा थोडं."

मी बाहेर थांबलो. पुढची काही वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत राहिलो, आणि तेवढ्या वर्षांत त्यांना मोठ्याने हसताना एकदाही ऐकलं नाही.

संस्थान विलीन होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. गावाला अजून त्याची सवय व्हायची होती. कुणी 'सरकार' म्हणालं तर जुनं की नवं हे त्याच्या सुरावरून ओळखावं लागे. मिस्त्री संस्थानच्या सुतारखान्यातले. तिथे त्यांच्या हाताखाली माणसं होती, मोठमोठी कपाटं आणि टेबलं त्यांच्या देखरेखीखाली झाली होती. विलीनीकरणानंतर सुतारखाना बंद झाला. हाताखालची माणसं कुणी वाड्याला, कुणी नाशकाला गेली. मिस्त्री गेले नाहीत. घराच्या पडवीत त्यांनी आपलं दुकान मांडलं.

दुकान म्हणायचं इतकंच. कारण मिस्त्रींकडे काम दिलं की ते कधी होईल हे कुणाला सांगता येत नसे. तारीख विचारली की ते ठरलेलं वाक्य म्हणत, "घाई असेल तर दुसरीकडे जा." सुरुवातीला लोकांना वाटे, हा मोठेपणाचा तोरा आहे. मग लोक खरंच दुसरीकडे जाऊ लागले. आमच्या आळीतल्या मास्तरांनी पहिल्या मुलीसाठी पाळणा सांगितला होता. तो आला तेव्हा मुलगी पाळण्याच्या दोरीला धरून उभी राहायला लागली होती. पाळणा मात्र असा होता, की बायका तो पाहायला म्हणून येत. कुठे खिळा दिसत नव्हता, आणि हलवला तर आवाज होत नव्हता. मास्तर म्हणाले, "आता दुसरं मूल होऊ द्यावं लागणार." सगळे हसले. मिस्त्री म्हणाले, "लाकूड ओलं होतं," आणि निघून गेले.

'लाकूड ओलं आहे' हे त्यांचं कायमचं उत्तर. फळी हातात आली की ते आधी तिला गाल लावत. डोळे मिटून तसेच उभे राहत. मग मान हलवून ती परत ठेवून देत. वखारवाला शपथेवर सांगे की माल दोन उन्हाळे खाल्लेला आहे. मिस्त्री म्हणत, "तुझी शपथ वाळलेली असेल. फळी ओली आहे."

दवाखान्याच्या काउंटरवरून डॉक्टरांचं आणि त्यांचं पहिलं भांडण झालं. मिस्त्रींच्या घरात एक अक्रोडाची जाड फळी आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. ती माजघरात, जमिनीपासून उंच, लाकडी ठोकळ्यांवर आडवी ठेवलेली असे. टोकांना मेण लावलेलं. दोघांनी धरूनही जड जाईल एवढी मोठी. एका कोपऱ्याचा तुकडा कापून घेतलेला. संस्थानच्या पाहुण्यांसाठी जेवणाचं लांब टेबल करायचं म्हणून ती मुंबईहून मागवली होती, मूळची काश्मीरकडची. टेबल झालंच नाही. संस्थान गेलं. सुतारखान्याची आवराआवर झाली, तेव्हा तुम्हाला आठवण म्हणून काय हवं असं मिस्त्रींना विचारलं गेलं. दुसऱ्यांनी हत्यारं मागितली, कुणी खुर्च्या नेल्या. मिस्त्रींनी ही फळी मागितली.

डॉक्टर पुण्याकडचे, हौशी. ते म्हणाले, "मिस्त्री, ती फळी वरती टाका की. असा काउंटर ठाणे जिल्ह्यात कुठल्या दवाखान्यात नसेल."

मिस्त्रींनी माझ्या बाटल्यांकडे बोट दाखवलं. "ह्यात काय आहे?"

"आयोडीन. ते स्पिरिट. ते मिक्श्चर."

"आणि खाली सांडतं?"

"सांडतंच," मी म्हटलं.

"मग अक्रोड कशाला मारता? ओली बाटली ठेवलीत की गोल डाग पडेल. लोखंडाचा डबा ओला राहिला तर खाली काळं होईल, ते रंध्याने तासूनही जाणार नाही. खिडकीतून ऊन येतं तिथे फिकं पडेल. बाकीची लाकडं उन्हात काळवंडतात, हे उलट पांढुरकं होत जातं. ते घरात ठेवायचं लाकूड आहे, पाहुण्यांच्या जेवणाचं. हात पुसून हात लावायचं लाकूड आहे."

"मग त्याचं करणार काय तुम्ही?"

"ती अजून ओली आहे," मिस्त्री म्हणाले.

काउंटर सागवानाचा झाला. चांगला झाला, आणि उशिरा झाला.

त्या फळीला त्यांच्या बायकोने, यमुनाकाकूंनी, नाव ठेवलं होतं – सवत. काकू बोलक्या, मोकळ्या. मूलबाळ नव्हतं. "माझ्या माजघरात सवत झोपलीय बघा," त्या मला म्हणत. "ह्यांनी लग्नात माझ्याकडे एवढ्या वेळा वळून पाहिलं नाही. तिला मात्र पावसाळा आला की उलटी करायची, पावसाळा गेला की सुलटी करायची. मी तापाने पडले होते, तरी हे आधी तिला हात लावून आले." काकू हे हसत सांगत. पण मिस्त्री घरात आले की त्या विषय बदलत, हेही मी पाहिलं होतं.

दर पावसाळा सरला की मिस्त्री त्या फळीच्या कापलेल्या कोपऱ्याचा एक छोटा ठोकळा वाण्याकडे घेऊन जात. वाणी तो तराजूत घाले. मिस्त्री पुढे वाकून काटा बघत, ठोकळा परत खिशात टाकत आणि काही न बोलता घरी येत. वाणी मला एकदा म्हणाला, "कंपाउंडर, तो तुकडा आता खारकेसारखा सुकलाय. वजन बदलत नाही. पण ह्यांना बदललेलं दिसतं."

काकड्या दवाखान्यात येऊ लागला त्या दिवसांतली ही गोष्ट. काकड्या साखरशेतचा. डावा पाय गुडघ्याखाली वीतभर उरलेला. काखेत बांबूची कुबडी, तिला वरून चिंध्या गुंडाळलेल्या. तो उरलेल्या पायावर एक फडकं बांधून, गुडघ्याने जमिनीवर रेटत घरात वावरे. त्यामुळे तिथे जखमा होत, चिघळत. बाजाराच्या दिवशी बायको त्याला घेऊन येई आणि मी जखम धुऊन पट्टी बांधी. बायकोचं नाव सोमी. ती दाराबाहेर बसून राही, आत येत नसे.

त्या दिवशी मिस्त्री काउंटरच्या खणाला मूठ बसवायला आले होते. काकड्याला त्यांनी पाहिलं आणि हातातला स्क्रू खाली पडला. तो घरंगळत काकड्याच्या कुबडीपाशी गेला. काकड्याने वाकून उचलला आणि पुढे केला. "घे, मिस्तरी."

मिस्त्रींनी तो घेतला नाही. हत्यारं तिथेच टाकून ते निघून गेले.

"ओळखतोस त्यांना?" मी काकड्याला विचारलं.

"शिकारीला रानात बघला होता. सरकारच्या माणसांमधी." मग पायाकडे बघून म्हणाला, "माझा पाय गेला तव्हा तोही होता. लय रडला. मला उचलून गाडीत त्यानंच घातला."

काकड्या हाकाऱ्याला होता. मोखाड्याच्या बाजूला, रान तुडवत जनावर पुढे काढायचं आणि पाहुणे बसले असतील तिकडे न्यायचं, असं ते काम. एक लाकडाचा व्यापारी मुंबईहून शिकारीला आला होता. त्याच्या हातात बंदूक असताना ती आपोआप उडाली आणि छर्रे काकड्याच्या पायात गेले. पाय नाशिकच्या इस्पितळात कापावा लागला. व्यापाऱ्याचं बोट चुकून घोड्यावर गेलं असणार असं सगळे म्हणाले. तो शपथा घेत मुंबईला गेला आणि पुन्हा आला नाही. हे काकड्याने सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

संध्याकाळी मिस्त्री हत्यारं न्यायला आले. दवाखाना बंद करून मी पायरीवर बसलो होतो. ते माझ्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत ते माझ्या शेजारी बसले ते तेवढंच.

"त्या पायाला पुढे काही करता येईल?" त्यांनी विचारलं.

"जखम भरली तर लाकडी पाय लावता येतो. मुंबईला करतात. डॉक्टर सांगत होते."

"मी करतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते.

"त्या व्यापाऱ्याची बंदूक येताना घाटात गाडीतून पडली," ते म्हणाले. "दस्ता फुटला. दुसऱ्या दिवशी शिकार. मला विचारलं, होईल का? मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. नवीच फळी आली होती, टेबलाची. बंदुकीच्या दस्त्याला अक्रोडासारखं लाकूड नाही. दणका सोसतं, फुटत नाही, एकदा वाळलं की हलत नाही. एकदा वाळलं की. ती ओली होती. मला कळत होतं ओली आहे. कोपरा कापला, दस्ता केला, तेल लावून चकचकीत करून दिला. लोकांनी वाहवा केली."

ते थांबले. 

"शिकारीनंतर बंदूक माझ्याकडेच आली, बघायला, की काही बिघाड आहे का. मी उघडली. दिवसभराच्या उन्हात लाकूड आखडून वाकलं होतं आणि आत कळीला दाबून बसलं होतं. हात न लावता उडेल अशी झाली होती. मी तेवढं तासून काढलं. बंदूक पुसली. काही बिघाड नाही म्हणून सांगितलं."

"कुणाला माहीत आहे?"

"हिलाही नाही," ते म्हणाले. 'ही' म्हणजे यमुनाकाकू. मग उठून, हत्यारं घेऊन गेले.

जखम भरायला बराच काळ गेला. भरली, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर पायाचं चित्र काढून दिलं. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि मला बरोबर घेऊन माप घ्यायला साखरशेतला गेले. काकड्याचं झोपडं नाचणीच्या शेताच्या वरच्या अंगाला होतं. मिस्त्री त्याच्या पायाशी जमिनीवर बसले आणि उरलेला पाय त्यांनी दोन्ही हातांत धरला. नुसता धरून राहिले.

"काय झाला, मिस्तरी?" काकड्या म्हणाला.

"काही नाही." त्यांनी सुतळीने माप घेतलं. "पाय झाला की कुठे जाशील?"

काकड्याने विचार केला. "कुठं जाणार? वाटंवर बसतो, तर बाया वळसा घालून जातांत. लोकांच्या वाटंतून उठाचा आहे मला."

सोमी म्हणाली, "कवा देशील? पाऊस लागायच्या आधी दे. आमचा वहाळ ओलांडताना ही काठी सरकते."

"बघू," मिस्त्री म्हणाले. "लाकूड वाळायला हवं."

आधी त्यांनी शिवणीच्या लाकडाचा पाय केला. शिवण हलकी, कामाला सोपी, आणि पुढच्या रानात भरपूर. हा नुसता नमुना आहे, माप जुळतं का ते बघायला, असं ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. मोच्याकडून कातड्याची वाटी शिवून घेतली, पट्टे लावले. बाजाराच्या दिवशी काकड्या आला. दवाखान्याच्या ओसरीवर त्यांनी स्वतः त्याच्या पायाला ती वाटी चढवली, पट्टे आवळले आणि म्हणाले, "ऊठ."

काकड्या माझ्या खांद्याला धरून उठला. मग खांदा सोडला. एक पाऊल टाकलं, लडखडला, भिंतीला हात लावला, पुन्हा टाकलं. ओसरीच्या टोकापर्यंत गेला. तिथे वळायला जमेना, म्हणून सोमीने पुढे होऊन त्याला वळवलं. तसा तो परत आला. आल्यावर ओसरीच्या खांबाशी ताठ उभा राहिला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांकडे बघू लागला. बसायला तयार होईना. सोमी तोंडाला पदर लावून रडत होती. डॉक्टर बाहेर येऊन "वा, वा" म्हणाले.

मिस्त्री खाली वाकले आणि पट्टे सोडायला लागले.

"राहू दे ना," काकड्या म्हणाला. "ह्योच बेस आहे. घरी न्हेतो."

"हा नमुना आहे. ह्यात गाठ आहे एक, इथे. फुटेल."

"फुटला तर फुटला."

"नाही!" मिस्त्री ओरडले. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. "फुटला तर फुटला नाही चालत. खरा पाय येऊ दे. तो फुटणार नाही."

काकड्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "अहो मिस्त्री, नेऊ द्या की. तोपर्यंत चालेल." पण मिस्त्रींनी पाय काढून कोटाखाली धरला होता.  काकड्याने कुबडी घेतली. सोमी जाताना मिस्त्रींकडे अशी बघत गेली, की मी मान खाली घातली.

खरा पाय म्हणजे अक्रोडाचा. तोच, त्याच फळीचा. मी त्यांना म्हटलं, वाणी म्हणतो वजन बदलत नाही, आता कापा. ते म्हणाले, "तेव्हाही सगळे म्हणत होते, कापा." पाऊस आला. पावसात ती कापायची नाही. पाऊस गेला, मग थंडीत हवा कोरडी होऊ द्यायची. थंडीत ते रोज फळीला गाल लावून उभे राहत. डॉक्टर एकदा त्यांच्या घरी जाऊन भांडले. "तुम्ही त्या माणसाला पाय देताय की राजवाड्यात नेऊन ठेवायला टेबल करताय? नसेल द्यायचा तर तसं सांगा, मी मुंबईला लिहितो." मिस्त्री म्हणाले, "लिहा. पण माझा होईपर्यंत थांबा." डॉक्टर कपाळाला हात लावून बाहेर आले. दोन्हींत त्यांनी काय केलं मला ठाऊक नाही. थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली आणि नवे डॉक्टर आले, त्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं.

यमुनाकाकूंचं हसणंही त्या वर्षी कमी झालं. "हे झोपत नाहीत," त्या मला म्हणाल्या. "उठून तिच्यापाशी बसतात. मी विचारलं, काय झालंय तुमचं? तर म्हणाले, तू झोप."

शेवटी उन्हाळ्यात त्यांनी फळी कापली. करवतीचा आवाज माझ्या खोलीत येत होता. मी पाहायला गेलो. बाहेरच्या कडेचं पांढुरकं लाकूड किड्याने आतून खाल्लं होतं, हात लावला की पिठासारखं गळत होतं. मिस्त्री दचकले, मग तो भाग तासून बाजूला केला. आतला गाभा शाबूत होता. गडद, जांभळट तपकिरी, त्यात काळ्या लाटा. त्यांनी मला बोट लावू दिलं. ऊन खाल्लेल्या मातीसारखा उबदार लागला. काही आठवड्यांनी पाय घडला. खिळे नव्हतेच, सगळं लाकडात लाकूड बसवलेलं. घोटा, टाच, पावलाची कमान. बोटंसुद्धा कोरली होती, आणि अंगठ्याला नख. "नख कशाला?" मी विचारलं. ते म्हणाले, "त्याच्या दुसऱ्या पायाला आहे." तेल लावायचं राहिलं होतं. ते एकेक हात लावून मुरू द्यायचं, असं म्हणाले.

तेल मुरत होतं तेव्हा पाऊस लागला.

साखरशेतच्या चार माणसांनी काकड्याला झोळीत घालून आणलं. वहाळ ओलांडताना कुबडी दगडावरून सरकली. खुबा मोडला आणि तो पाण्यात पडून राहिला. सोमी आवणीला, भाताची रोपं लावायला गेली होती, कुणाला कळायला उशीर झाला. छाती कफाने भरली होती. डॉक्टरांनी पाहिलं आणि मला बाजूला घेऊन मान हलवली.

मिस्त्रींना कुणी सांगितलं कोण जाणे. ते भिजत आले. कोटाच्या आत, फडक्यात गुंडाळलेला पाय. काकड्या खाटेवर होता, शुद्धीत होता. सोमी खाली जमिनीवर बसली होती. मिस्त्रींनी फडकं सोडलं आणि पाय त्याच्या हाताशी ठेवला.

"झाला," ते म्हणाले.

काकड्याने हात फिरवला. बोटांवरून, नखावरून. "बेस झाला," तो म्हणाला.

मग मिस्त्री बोलायला लागले. सगळं सांगितलं. दस्ता, ओली फळी, आत दाबून बसलेलं लाकूड, बंदूक पुसून परत दिल्याचं. मला वाटत होतं, आत्ता कशाला, आता नको. पण त्यांना थांबवणं माझ्याच्याने झालं नाही. बोलताना ते एकदाही रडले नाहीत.

 श्वास घ्यायला काकड्याला त्रास होत होता. मग म्हणाला, "मंग पाय कशाला केलास? सांगाचा होता."

"काकड्या—"

"इतके दिस मी त्या मुंबईवाल्याला शिव्या दिल्या. फुकट." त्याने अक्रोडाचा पाय हळूच बाजूला सरकवला, मोडेल अशी भीती असल्यासारखा. आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मिस्त्री खाटेच्या पायथ्याशी बसून राहिले. काकड्या पुन्हा त्यांच्याशी बोलला नाही. माझ्याशी बोलला, पाणी मागितलं. सोमीशी बोलला, आवणी किती राहिली विचारलं. त्याने प्राण सोडला तेव्हा बाहेर पाऊस उघडला होता आणि मिस्त्री तिथेच होते.

साखरशेतची माणसं प्रेत न्यायला आली. सोमी उठली आणि मिस्त्रींपुढे जाऊन उभी राहिली.

"तो पुरा जाऊ दे," ती म्हणाली. "पाय लाव त्याला."

मिस्त्रींनी अक्रोडाचा पाय उचलला.

"ह्यो नाय. ज्याच्यावर चालला तो. तो आण."

मिस्त्री धावत गेले. त्या वयात, चिखलातून, रस्त्यावरची माणसं बघत असताना. शिवणीचा पाय पडवीत खुंटीला अडकवलेला होता. तो घेऊन आले. जमिनीवर गुडघे टेकून त्यांनी वाटी चढवली, पट्टे आवळले, पुन्हा सैल केले, कातडं टोचत तर नाही ना असं बोट घालून पाहिलं. मग पुन्हा आवळले. कुणी त्यांना घाई केली नाही. सोमी उभी राहून बघत होती. झालं म्हटल्यावर तिने माणसांना खूण केली आणि ते त्याला घेऊन गेले. मिस्त्री मागून निघाले, तेव्हा तिने मागे वळून नुसता हात वर केला. ते जागीच थांबले.

अक्रोडाचा पाय आमच्या औषधांच्या कोठीत राहिला. नवे डॉक्टर कधीकधी तो पाहुण्यांना दाखवत. दुसऱ्या कुणाच्या मापाला तो बसणारा नव्हता. उरलेल्या फळीचं काय झालं म्हणून मी यमुनाकाकूंना विचारलं. "चुलीत," त्या म्हणाल्या. "ह्यांनी स्वतः फोडली. चांगली जळली हो. कोरडी ठणठणीत होती." मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. तोपर्यंत मिस्त्रींनी त्यांनाही सगळं सांगितलं होतं.

त्यानंतर मिस्त्रींनी गावात फारसं काम घेतलं नाही. पडवी रिकामी दिसे. दुपारी ते कुठे जातात हे कुणी विचारत नसे, आणि मीही विचारलं नाही.

माझी बदली झाली त्या पावसाळ्यात मला देवीची लस टोचायला साखरशेतच्या बाजूला जायचं होतं. वाटेत भाताच्या खाचरांतून आवणी चालली होती. बायकांची ओळ वाकून मागे मागे सरकत होती, तिच्यात सोमीही होती. बांधाच्या कडेला इरलं घेतलेला एक उंच, वाळका माणूस गुडघाभर चिखलात पाय रोवून उभा होता. एका हातावर रोपांच्या जुड्या. रघुनाथ मिस्त्री. शेतातलं काम त्यांना येत नव्हतं हे लांबूनही कळत होतं. जुडी टाकायची कुठे ते समजत नव्हतं, एक पाय उचलला की दुसरा रुतत होता.

मी हाक मारणार होतो. तेवढ्यात सोमीने कमरेत वाकल्या वाकल्या मान वर केली.

"उभा काय राहलास," ती त्यांना म्हणाली. आवाजात राग नव्हता, माया नव्हती, काहीच नव्हतं. "इकडं दे."

मिस्त्रींनी चिखलातून पाय उपसला आणि जुडी तिच्या हातात दिली. ती पुन्हा वाकली. ते दुसरी जुडी घेऊन तिच्या मागे उभे राहिले. मी बांधावरून पुढे निघून गेलो.